स्थिर चित्र, अस्थिर वाट : कीड-सर्वेक्षणात फिरत्या कॅमेऱ्याचा सुरक्षित वापर

कीड-सर्वेक्षणाची पद्धत गेल्या दशकभरात झपाट्याने बदलली आहे. पूर्वी सर्वेक्षकाच्या हाती नोंदवही, भिंग आणि कीटक पकडण्याची जाळी असे. आज त्यांच्या जोडीला भ्रमणध्वनी आला असून त्याच्या कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र हाच प्राथमिक पुरावा मानला जाऊ लागला आहे. महाराष्ट्रात २००९-१० पासून राबविल्या जात असलेल्या ‘क्रॉपसॅप’ या कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पाने नियमित क्षेत्रीय नोंदींची शिस्त घालून दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीत तर शेतकऱ्याने स्वतः काढलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे.

या बदलासोबत आणखी एक उपकरण क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या हाती आले आहे, ते म्हणजे गिम्बल. कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी हिंदकळू न देता धरून ठेवणारी ही मोटरयुक्त मूठ आता सहज मिळते. साहजिकच स्कूटर, मोटरसायकल, प्रक्षेत्रावरील विद्युत गाडी किंवा चारचाकी एटीव्ही यांवरून जाता जाता शिवाराचे चित्रीकरण करण्याची प्रथा रुजू लागली आहे. अल्प वेळात मोठे क्षेत्र नजरेखाली येते, नोंद कायमस्वरूपी राहते आणि प्रयोगशाळेतील तज्ज्ञाला ती पुन्हा पाहता येते, हे या पद्धतीचे निर्विवाद लाभ आहेत. तथापि, चालत्या वाहनावर कॅमेरा हाताळणे हे जोखमीचे काम आहे आणि त्याविषयीची लिखित कार्यपद्धती आपल्याकडे क्वचितच आढळते. या लेखात त्या जोखमीचे स्वरूप, तिच्यामागील शास्त्र आणि प्रत्यक्ष क्षेत्रावर पाळावयाची पथ्ये यांचा विचार केला आहे.

गिम्बल काय करतो आणि काय करीत नाही

त्रि-अक्षीय गिम्बलमध्ये तीन लहान ब्रशविरहित मोटरी असतात. त्यांपैकी एक कॅमेऱ्याचे डावे-उजवे वळणे, दुसरी वर-खाली झुकणे आणि तिसरी एका बाजूस कलणे सांभाळते. आतील गतिसंवेदक प्रत्येक क्षणी कोनातील बदल मोजतात आणि मोटरी तेवढाच उलट कोन देऊन कॅमेरा मूळ दिशेत राखतात.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला ही रचना नवखी वाटणार नाही. फळमाशीसह सर्व द्विपंखी कीटकांत मागील पंखांच्या जागी गदेच्या आकाराच्या सूक्ष्म अवयवांची जोडी असते. तिला संतोलक म्हणतात. उड्डाण करताना हे संतोलक पंखांसोबत वेगाने कंप पावतात आणि शरीर वळले की त्यांच्यावर पडणाऱ्या बलावरून माशीला वळणाची जाणीव होते. शरीर एका बाजूस कलले तरी माशी डोके उलट दिशेने फिरवून आपली दृष्टी क्षितिजाशी समांतर ठेवते. गिम्बल हेच काम करतो, परंतु एक महत्त्वाचा फरक आहे. माशीला मिळालेली कलण्याची माहिती तिच्या डोक्यापुरती मर्यादित राहत नाही. तीच माहिती तिच्या पंखांनाही मिळते आणि ती आपले उड्डाण सावरते. गिम्बलची माहिती मात्र गिम्बलमध्येच राहते. वाहन किती कलले, हे तो चालकाला कळवीत नाही. उलट, ते पडद्यावरून पुसून टाकतो.

या उपकरणाचा खरा धोका येथेच दडलेला आहे. पडद्याकडे पाहणाऱ्या व्यक्तीला क्षितिज सरळ दिसते, पिकांच्या ओळी संथ सरकताना दिसतात आणि वाटही गुळगुळीत भासते. प्रत्यक्षात त्याच क्षणी चाक खड्ड्यात उतरत असते. एका मका-सर्वेक्षणातील चित्रफीत तपासणीसाठी माझ्यासमोर आली होती. पावसाळी पाणंद रस्ता, मागे बसलेल्या सर्वेक्षकाच्या हातात गिम्बल आणि डाव्या अंगाला गुडघाभर उंचीचा मका. चित्रात कोठेही धक्का नाही. मग एकाएकी चित्र चिखलात स्थिरावते. त्याआधी मोटरसायकल एका बाजूस घसरत गेली होती. पण क्षितिजरेषा शेवटच्या क्षणापर्यंत किंचितही कललेली नव्हती. सर्वेक्षकाच्या मनगटाचे हाड मोडले आणि हंगामाचे उरलेले आठवडे तो कामावर येऊ शकला नाही. स्थिर चित्र म्हणजे स्थिर वाहन नव्हे, हे प्रत्येक प्रशिक्षणाच्या आरंभी सांगितले गेले पाहिजे.

गिम्बलची दुसरी मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. तो कोनातील हालचाल दूर करतो. संपूर्ण कॅमेरा वर-खाली उसळणे किंवा पुढे सरकणे तो थांबवू शकत नाही. खडबडीत वाटेवर बसणारे उभे धक्के चित्रात उतरतातच. ते कमी करण्याचे दोनच मार्ग आहेत : वेग कमी ठेवणे, अथवा थांबणे.

वेगाचे गणित

ताशी ३० किलोमीटर हा वेग दुचाकीच्या दृष्टीने किरकोळ वाटतो. परंतु या वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे ८.३ मीटर पुढे जाते. पडद्याकडे केवळ २ सेकंद पाहिले, तर जवळजवळ १७ मीटर अंतर न पाहता कापले जाते. शेतरस्त्यावर एवढ्या अंतरात एखादे वासरू आडवे येऊ शकते, पाटाच्या पाण्याने कापलेली चर लागू शकते किंवा उसाच्या फडातून बैलगाडी बाहेर येऊ शकते. ताशी १० किलोमीटर वेगाने हेच अंतर सुमारे साडेपाच मीटर भरते.

आता याच वेगाचा विचार नोंदीच्या गुणवत्तेच्या अंगाने करू. कॅमेऱ्याचे शटर १/१००० सेकंद उघडे राहते असे मानले, तर ताशी १० किलोमीटर वेगाने त्या काळात वाहन सुमारे २.८ मिलिमीटर सरकते. कपाशीवरील प्रौढ तुडतुड्याची लांबी साधारणतः ३ मिलिमीटर असते. म्हणजे तुडतुडा स्वतःच्या लांबीइतका फासला जातो आणि चित्रात केवळ हिरवट रेघ उरते. ताशी ३० किलोमीटर वेगाने ही सरक ८ मिलिमीटरांहून अधिक होते. पूर्ण वाढलेली लष्करी अळी ३ ते ४ सेंटिमीटर लांब असल्याने ती कदाचित ओळखू येईल. मात्र नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या कोणत्याही गिम्बलने टिपता येणार नाहीत. वाहन पुढे सरकल्यामुळे येणारा हा पुसटपणा गिम्बल दूर करीत नाही, कारण ती कोनीय हालचाल नसतेच.

चित्रफितीलाही हाच हिशेब लागू पडतो. सेकंदाला ३० चौकटी टिपणारा कॅमेरा ताशी १० किलोमीटर वेगाने दोन चौकटींमध्ये सुमारे ९ सेंटिमीटर पुढे जातो. मक्याची लागवड ६० × २० सेंटिमीटर अंतरावर असल्यास ओळीतील प्रत्येक झाड सुमारे दोन चौकटींत कॅमेऱ्याच्या अगदी समोर येते. ताशी ३० किलोमीटर वेगाने दोन चौकटींतील अंतर जवळजवळ २८ सेंटिमीटर होते आणि समोरून टिपले जाण्याची संधी काही झाडांना मिळतच नाही. अशी झाडे चित्रात तिरपी व पुसट दिसतात आणि पोंग्यातील विष्ठा किंवा पानावरील पांढरट चट्टे त्यांच्यावर ओळखणे कठीण जाते.

या गणितातून एक आश्वासक निष्कर्ष निघतो. सुरक्षिततेसाठी जो वेग योग्य आहे, तोच शास्त्रीय नोंदीसाठीही योग्य आहे. वेग वाढवून काम लवकर आटोपते असे भासले तरी निरुपयोगी चित्रफितींची संख्या वाढते आणि त्याच शिवारात पुन्हा जावे लागते. त्यामुळे चित्रीकरण करताना वाहनाचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास ठेवावा आणि वाट तेवढ्याही वेगाला अनुकूल नसेल तर सरळ पायी चालावे.

चालत्या कॅमेऱ्याला काय दिसते

फिरता कॅमेरा कशासाठी वापरावा, हे आधीच निश्चित केले तर अनावश्यक धोका टळतो. वाहनावरून कीटक मोजता येत नाहीत; प्रादुर्भावाचा विस्तार मात्र उत्तम रीतीने पाहता येतो. छत्तीसगड, तेलंगणा किंवा ओडिशातील भातखाचरांत तपकिरी तुडतुड्यांमुळे करपलेले गोलाकार पट्टे दुरूनही स्पष्ट दिसतात. तामिळनाडूतील पोल्लाची परिसरात २०१६ मध्ये आढळलेल्या रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीने ग्रासलेल्या नारळबागांत पानांवर साचलेली काळी बुरशी रस्त्यावरून ओळखता येते. सोयाबीनमध्ये चक्रीभुंग्यामुळे माना टाकलेली झाडे, तसेच पिवळा मोझॅक झालेले वाफेही चित्रफितीत येतात. पंजाबात २०१५ मध्ये कपाशीवर पांढऱ्या माशीचा जो मोठा उद्रेक झाला, तशा प्रसंगी बाधित क्षेत्राचा ढोबळ नकाशा लवकर तयार करण्यास अशा फेऱ्या उपयोगी पडू शकतात.

याउलट गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. डोमकळी वाहनावरून दिसणे अवघड आणि बोंडातील अळी दिसणे अशक्य. तिच्यासाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग किंवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले अथवा बोंडे ही आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली आहे आणि ती तपासण्यासाठी बोंडे फोडूनच पाहावी लागतात. भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम नोंदल्या गेलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या बाबतीतही शेतात उतरून ‘डब्ल्यू’ अक्षराच्या आकारात चालत पाच ठिकाणची झाडे तपासण्यास पर्याय नाही. जेथे उत्तर शेतात उतरूनच मिळणार आहे, तेथे चालत्या वाहनावरून कॅमेरा रोखण्याचा धोका पत्करू नये.

आणखी एका त्रुटीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. रस्त्यालगतच्या ओळी म्हणजे संपूर्ण शेत नव्हे. कच्च्या रस्त्यावरील धूळ पानांवर साचते आणि अशा धूळभरल्या झाडांवर कोळी किडीचा प्रादुर्भाव अनेकदा अधिक आढळतो. बाहेरून उडून येणाऱ्या कित्येक किडी प्रथम कडेच्या ओळींत उतरतात. त्यामुळे केवळ रस्त्यावरून केलेले चित्रण शेताचे वास्तव फुगवून दाखवू शकते किंवा आतील प्रादुर्भाव झाकूनही टाकू शकते. चित्रफेरीचा उद्देश कोठे थांबायचे हे ठरविण्यापुरता ठेवावा. थांबल्यानंतर बांध ओलांडून, कडेच्या काही ओळी सोडून, आत जाऊन नमुने घ्यावेत.

दुचाकीवरील कामाची विभागणी

दुचाकीवरून चित्रीकरणाचा पहिला आणि अपवाद नसलेला नियम असा : जो वाहन चालवितो, तो कॅमेरा हाताळीत नाही. गिम्बल हातात धरणे, पडदा पाहणे, कळ दाबणे, कोन बदलणे यांपैकी कोणतेही काम चालकाकडे असू नये. एका हाताने मूठ धरून दुचाकी चालविताना क्लच किंवा ब्रेक यांपैकी एकाचा वापर बंद होतो आणि अचानक वळण्याची क्षमता बरीच कमी होते.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातात धरलेले संपर्क-उपकरण वापरणे हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार ठरविण्यात आला. मार्गदर्शनासाठी नकाशा पाहण्याची मर्यादित मुभा नंतर नियमांत देण्यात आली; चित्रीकरण त्या मुभेत येत नाही. कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसता येते आणि कलम १२९ नुसार दोघांनीही शिरस्त्राण घालणे बंधनकारक आहे. शिरस्त्राण भारतीय मानक आयएस ४१५१ चे चिन्ह असलेले आणि हनुवटीचा पट्टा आवळलेले असावे. शिरस्त्राणाला छिद्र पाडून त्यावर कॅमेरा बसविणे टाळावे. त्यामुळे त्याची संरक्षणक्षमता बिघडते.

दोघांच्या पथकात मागील व्यक्तीने चालकाच्या दिशेनेच तोंड करून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. एका बाजूस दोन्ही पाय सोडून किंवा मागे तोंड करून बसून चित्रीकरण करू नये. एक हात मागील पकडदांडीवर आणि दुसऱ्या हातात गिम्बल, ही स्थिती कायम ठेवावी. गिम्बल धरलेला हात कोपरापासून शरीराजवळ असावा. हात लांब ताणल्यास वाहनाचा तोल बाजूस ढळतो आणि झाडाच्या फांद्या, कुंपणाची तार किंवा समोरून येणारे वाहन यांचा स्पर्श होण्याची शक्यता वाढते. मागे बसलेल्या व्यक्तीने चालकाला सूचना न देता शरीर एकाएकी वळवू नये.

पथकात तीन शब्द पुरेसे असतात : ‘सुरू’, ‘थांबा’ आणि ‘बंद’. वाहन उभे असतानाच चित्रण सुरू करावे, कोन व कार्यपद्धती ठरवावी आणि वाहन पुन्हा उभे राहिल्यावरच चित्रण बंद करावे. मधल्या काळात कोणतीही कळ दाबण्याची गरज पडू नये. चित्रफितीचा आरंभीचा व शेवटचा निरुपयोगी भाग नंतर कापता येतो. मागील व्यक्तीने ‘थांबा’ म्हटले तरी कोठे थांबायचे हा निर्णय चालकाचाच असतो, कारण मागून येणारे वाहन आरशात त्यालाच दिसते.

सर्वेक्षक एकटा असेल तर कॅमेरा हातात न घेता तो वाहनावर घट्ट बसविलेल्या धारकात ठेवावा, पडदा बंद करावा आणि तो चालकाच्या दृष्टीच्या रेषेबाहेर असावा. धारक हँडलच्या रुंदीबाहेर डोकावता कामा नये. अशा वेळी चौकटीत नेमके काय आले हे थांबल्यावरच पाहावे.

संशोधन प्रक्षेत्रावरील वाहने

विद्यापीठे व संशोधन संस्थांच्या प्रक्षेत्रांवर विद्युत गाड्या, एटीव्ही आणि लहान ट्रॅक्टर वापरले जातात. सार्वजनिक रहदारी नसल्याने येथे शिथिलता येते. परंतु एटीव्ही हे वाहन चालकाच्या शरीराच्या तोलावर बरेचसे अवलंबून असते. त्याचा गुरुत्वमध्य उंच असल्याने उतारावर, बांध ओलांडताना किंवा वळणावर ते उलटू शकते. यांतील बहुतांश वाहने एकाच व्यक्तीसाठी बनविलेली असतात. चित्रीकरणासाठी मागे दुसरी व्यक्ती बसविल्याने तोल अधिकच बिघडतो. म्हणून एक आसनी एटीव्हीवर हातात धरलेला कॅमेरा वर्ज्य मानावा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा जोडणीदांड्यावर उभे राहून चित्रण करणे तर सर्वथैव टाळावे. विद्युत गाडीच्या बाबतीत तिचा आवाज जवळजवळ येत नाही, हे ध्यानी ठेवावे. ओळींत वाकून खुरपणी करणाऱ्या मजुरांना ती जवळ आल्याचे कळत नाही.

राजस्थानच्या वाळवंटी भागात टोळ सर्वेक्षणासाठी वाहनफेऱ्या ही जुनी गरज आहे. २०१९-२० मधील आक्रमणाच्या वेळी जोधपूर येथून कार्य करणाऱ्या टोळ सूचना यंत्रणेच्या पथकांना विस्तीर्ण क्षेत्र पालथे घालावे लागले आणि मे २०२० मध्ये टोळधाडी मध्य प्रदेशातून विदर्भापर्यंत पोहोचल्या. वाळूत चाक रुतते, टेकाडापलीकडचे दिसत नाही आणि सीमावर्ती प्रदेशात चित्रीकरणासाठी सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेथे वाहनाने अंतर कापावे आणि पिल्लांचे थवे पायी फिरून मोजावेत, हाच सुरक्षित क्रम होय.

टोळाच्याच संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्या दृष्टिसंस्थेत एक विशिष्ट मोठी चेतापेशी असते. समोरून एखादी वस्तू वेगाने जवळ येऊ लागली की ती उत्तेजित होते आणि टोळ उडी घेतो किंवा दिशा बदलतो. वाहनांची टक्कर टाळणारे संवेदक विकसित करताना संशोधकांनी या चेतापेशीचा अभ्यास केला आहे. जवळ येणाऱ्या वस्तूची जाणीव माणसालाही उपजत असते. मात्र डोळे पडद्यावर खिळले की ती निकामी होते.

वाट वाचण्याची सवय

क्षेत्रीय कर्मचाऱ्याला पीक वाचता येते, तशीच वाटही वाचता आली पाहिजे. काळ्या कसदार जमिनीत पहिल्या सरीनंतरचा चिखल चाक व मडगार्ड यांत भरून चाक अडवितो. मळणीच्या हंगामात अनेक राज्यांत रस्त्यावरच धान्य किंवा काड पसरलेले असते. त्यावरून दुचाकी सहज घसरते. कालव्याच्या भरावावरील वाटेला कठडा नसतो. ऊस व उंच मक्याच्या दिवसांत चौफुल्यावरचे काहीच दिसत नाही. वन्यप्राण्यांपासून संरक्षणासाठी ताणलेल्या बारीक तारा कॅमेऱ्यातच काय, डोळ्यांनाही उशिरा दिसतात. चित्रीकरणाची फेरी करण्याआधी तीच वाट एकदा कॅमेऱ्याशिवाय पार करावी आणि अडथळ्यांची नोंद घ्यावी.

उपरणे, ओढणी, साडीचा पदर किंवा लोंबणारी विद्युतवाहिनी चाकात अडकून गंभीर अपघात होतात. गिम्बलची सुरक्षा-दोरी मनगटाला असावी. गळ्यात पट्टा अडकवून दुचाकीवर बसू नये. नुकतीच फवारणी झालेल्या शेताच्या वाऱ्याखालून जाऊ नये. फवारणी चालू असेल तर चित्रण पुढे ढकलावे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेच्या घटनांनी श्वासावाटे व त्वचेवाटे होणाऱ्या संसर्गाचे गांभीर्य सर्वांना दाखवून दिले आहे.

शेतकऱ्याची संमती हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. चालत्या वाहनावरून अनोळखी व्यक्ती शेताचे आणि तेथे काम करणाऱ्या महिलांचे चित्रण करीत आहे, असे दिसल्यास गैरसमज होणे स्वाभाविक आहे. गावात प्रवेश करताना ओळखपत्र दाखवून हेतू सांगावा.

उपकरणाची निगा

मोटरसायकलच्या इंजिनाचे कंपन कॅमेऱ्यासाठी हानिकारक ठरू शकते. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये यासंबंधी जाहीर सूचना दिली होती. मोठ्या क्षमतेच्या मोटरसायकलच्या हँडलमधून येणाऱ्या तीव्र कंपनांमुळे भ्रमणध्वनीतील प्रकाशीय स्थिरीकरण व स्वयंचलित केंद्रीकरण यांची कार्यक्षमता घटू शकते, तसेच मोपेड व स्कूटरवरही कंपनशोषक धारक वापरावा, असे तीत म्हटले आहे. अन्य कंपन्यांच्या ज्या उपकरणांत अशीच हलणारी भिंगे असतात, त्यांनाही ही सावधगिरी उपयुक्त आहे.

गिम्बल सुरू करण्यापूर्वी कॅमेऱ्याचा तोल साधलेला असावा. तोल नसलेल्या कॅमेऱ्याला सावरताना मोटरी तापतात आणि ऐन वेळी हात टेकतात. गिम्बल बंद पडल्यास कॅमेरा सैल होऊन झुलू लागतो. अशा वेळी चालत्या वाहनावर तो सावरण्याचा प्रयत्न न करता ‘थांबा’ म्हणावे. उन्हाळ्यात बंद डिकीत गिम्बल व विद्युतघट ठेवू नयेत. तापलेला लिथियम घट लगेच भारित करू नये. सावलीत निवू द्यावा. फेरी संपल्यावर धूळ व चिकटलेले फवाऱ्याचे अंश मऊ कापडाने पुसावेत आणि त्यानंतर हात साबणाने धुवावेत.

संस्थांची जबाबदारी

सुरक्षिततेचा भार केवळ सर्वेक्षकाच्या दक्षतेवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. क्षेत्रावर फिरणारे बहुसंख्य सर्वेक्षक तरुण असतात, अनेकदा हंगामी करारावर असतात आणि स्वतःच्याच दुचाकीवरून फिरतात. दिवसाकाठी ठरावीक गावे व ठरावीक छायाचित्रे पूर्ण करण्याचे लक्ष्य त्यांच्यासमोर असते. सायंकाळ जवळ येऊ लागली आणि गावे उरली की वेग वाढतो, सोबतीला घेतलेला सहकारी दुसऱ्या मार्गावर पाठविला जातो आणि एका हातात मूठ, दुसऱ्या हातात गिम्बल अशी कसरत सुरू होते. हा दोष व्यक्तीच्या स्वभावाचा नसून कामाच्या आखणीचा आहे.

म्हणून प्रत्येक प्रकल्पाने काही गोष्टी लेखी स्वरूपात निश्चित कराव्यात. चित्रफेरी दोघांच्या पथकानेच व्हावी. दिवसाचे लक्ष्य ताशी १० किलोमीटर वेग व थांबून केलेली निरीक्षणे गृहीत धरून ठरवावे. शिरस्त्राण, कंपनशोषक धारक व प्रथमोपचार पेटी यांचा खर्च प्रकल्पातून व्हावा. हंगामी सर्वेक्षकांनाही अपघात विम्याचे संरक्षण असावे. पावसात, अंधारात किंवा वाट अयोग्य वाटल्यास फेरी रद्द करण्याचा अधिकार सर्वेक्षकाला असावा आणि त्या दिवसाच्या रिकाम्या नोंदीबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. चित्रफितींचे मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांनीही अतिवेगात टिपलेली चित्रफीत स्वीकारू नये. नाकारलेली अशी एक चित्रफीत दहा सूचनांपेक्षा अधिक परिणाम साधते.

ज्या शिवारात आज चित्रफेरी शक्य नाही, तेथे उद्या जाता येते. कीड एका दिवसात शेत सोडून जात नाही आणि एका दिवसाच्या विलंबाने सल्ल्याचे मोल फारसे कमी होत नाही. सर्वेक्षक मात्र हंगामाच्या शेवटापर्यंत धडधाकट राहिला, तरच नोंदींची मालिका अखंड राहते आणि त्या मालिकेवर आधारलेला सल्ला शेतकऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचतो. येत्या खरीप हंगामापूर्वीच्या प्रशिक्षणात कीड ओळखण्याच्या पाठासोबत चालत्या वाहनावरील कॅमेऱ्याचाही एक तास राखून ठेवावा आणि त्यातील किमान अर्धा तास वर्गाबाहेर, प्रत्यक्ष पाणंद रस्त्यावर व्हावा.